परीचं वजन

मॅडम: थांबा काका, सोडू नका. वर धरून ठेवा. एक... दोन... आता सोडा, हळू.

दोरवाला: हळूच सोडतोय. झालं?

मॅडम: झालं! चोपन्न किलो उचललंत. परवा चोपन्न, त्याआधी बावन्न. काका, तुमचं वय कुणीतरी कागदावर चुकीचं लिहिलंय हो.

परी: एकाहत्तर. लग्नाच्या वेळी मीच तपासून घेतलं होतं.

मॅडम: अगंबाई, काकू, तुम्ही जाग्या आहात! मला वाटलं गोळीनं डोळा लागला.

परी: डोळा लागलेलाच आहे. कान तेवढे जागे आहेत. ती गोळी घेतली ना, की मी खुर्चीच्या हातभर वर असते. खाली तुमचं काय काय चाललंय ते सगळं ऐकू येतं.

दोरवाला: तिला सवय आहे वर राहायची.

मॅडम: म्हणजे?

परी: यांनी सांगितलं नाही? महिनाभर इथे फिजिओथेरपीला येतायत आणि ताकास तूर लागू दिली नाही? अगं, मी बावीस वर्षं परी होते. मुलांच्या नाटकात. दुसऱ्या अंकात निळा दिवा लागला की मी उडायचे. आणि हे पडद्यामागे दोर धरून उभे. सगळे यांना दोरवालाच म्हणायचे. खरं नाव आमच्या लग्नपत्रिकेत पहिल्यांदा वाचलं लोकांनी.

मॅडम: खऱ्याखुऱ्या उडायच्या? दोरीवर?

परी: खरी म्हणजे किती खरी? पहिल्या रांगेतल्या पोरांना दोर दिसायचा. तरी ती म्हणायची, उडाली.

मॅडम: तरीच! काका, मी एक गोष्ट रोज बघते. बाकीचे पेशंट वजन खेचतात आणि धाडकन सोडून देतात. प्लेटा अशा आदळतात की शेजारच्या खोलीतले डॉक्टर दार उघडून बघतात. तुम्ही सोडता तेव्हा आवाज म्हणून नाही.

दोरवाला: उचलायला काय, कुणीही उचलतं. माणूस कळतो तो उतरवताना. परी धप्पकन पडली तर पोरं हसतात. मग ती परी राहत नाही, बाई होते.

परी: बावीस वर्षांत एकदाही धप्प नाही हं. खोटं कशाला बोलू.

मॅडम: बरं, आता माझं काम करू द्या. हा फॉर्म. तुमच्या मुलानं फोनवर मला इतक्यांदा बजावलंय की पाठ झालंय. ‘आईचं वजन बावन्न. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून पलंगावर, दिवसातून सहा वेळा. बाबांना एकट्यानं तेवढं उचलता येतं असं तुम्ही मोजून लिहून दिलंत, तर आई घरी. नाहीतर सोमवारी ती शुश्रूषागृहातली खाट.’

दोरवाला: मोजलंत ना? तीनदा मोजलंत. मग करा सही.

मॅडम: करतेच आहे. आणि काका, हे माप कुणी खोडून दाखवावं. तिन्ही वेळा हेच मशीन. बैठक चौथ्या भोकात. वेळ दुपारी दोनची. हँडल तेच. आठवतंय ना, त्या दिवशी तुम्ही चपला घालून आलात तर मी बूट आणायला घरी पाठवलं होतं?

दोरवाला: आठवतंय. उन्हात.

मॅडम: सॉरी. पण कसं असतं, बैठक एक भोक वरखाली झाली तरी आकडा बदलतो. पहिल्या दिवशी माणसाला ओढायची रीत कळत नाही, दुसऱ्या दिवशी कळते, तेव्हा दोन किलो आपोआप वाढतात. म्हणून तीनदा घ्यायचं. तिन्ही आकडे जवळजवळ आले की समजायचं, माप पक्कं.

परी: पोरी, एक विचारू?

दोरवाला: तू झोप बघू जरा. चार वाजता तुला मुलाकडे परत न्यायला गाडी यायचीय.

परी: झोपेतच विचारतेय. आमच्या नाट्यगृहात एक घड्याळ होतं. तिकीटखिडकीच्या वर. ते दहा मिनिटं मागे होतं. बावीस वर्षं रोज दहाच मिनिटं. नऊ नाही, अकरा नाही. आता ते घड्याळ पक्कं म्हणायचं का?

मॅडम: पक्कं... हो, तसं पक्कंच. पण चुकीचं.

परी: हं. एवढंच विचारायचं होतं. ते खिडकीशी झाकून ठेवलंय, ते पण मशीनच का?

मॅडम: ते नवीन आलंय. पण काकांची पहिली चाचणी यावर झाली होती. मध्येच मशीन बदललं असतं तर आकडे एकमेकांशी ताडून कसे बघणार? म्हणून त्याची चादरसुद्धा काढली नाही.

परी: शहाणी आहेस. अहो, आणखी एकदा ओढता का? मला बघायचंय.

दोरवाला: हात भरून आलेत माझे.

परी: थोडंसं. तीसच लाव गं पोरी, तीस. यांना ओढताना मी कधी पाहिलंच नाही. मी वर, पोरांकडे तोंड. हे मागे अंधारात. बावीस वर्षं ज्यानं मला उचललं त्याचे हात कसे चालतात ते मला ठाऊक नाही. दाखवा ना.

मॅडम: दाखवा काका. तीस म्हणजे तुम्हाला काहीच नाही. लावली पिन. ओढा.

दोरवाला: ...घ्या.

परी: पुन्हा.

दोरवाला: पुरे झालं.

परी: पुन्हा हो. पोरी, तू आकड्याकडे नको बघूस. हाताकडे बघ. आणि मग लोखंडाकडे बघ.

मॅडम: हात... गुडघ्यापासून छातीपर्यंत येतोय. हातभर.

परी: आणि लोखंड?

मॅडम: लोखंड वर जातंय... वीतभर.

परी: हातभर दोर आला आणि लोखंड वीतभर चढलं. मग उरलेली वीत गेली कुठे?

मॅडम: थांबा. थांबा हं. ही प्लेटांच्या डोक्यावरची कप्पी... ही प्लेटांबरोबर वर जातेय. केबल इकडून खाली येते, कप्पीतून वळसा घेते आणि पुन्हा वर. म्हणजे दोन पदर. अर्धा भार चौकटीवर आणि अर्धाच हातावर! अरे देवा. माझ्या पिशवीत सामान तोलायचा काटा आहे, तो लटकवायचा. कुठे गेला... हा. काका, जरा बाजूला व्हा. हँडलला काटा, चोपन्नला पिन... ओढतेय...

दोरवाला: सत्तावीस येईल.

मॅडम: वर जाताना अठ्ठावीस. खाली येताना सव्वीस.

दोरवाला: तेच. एक इकडे, एक तिकडे. कप्पी थोडं खातेच.

मॅडम: तुम्हाला माहीत होतं?

दोरवाला: मॅडम, चाळीस वर्षं कप्प्यांत गेली माझी. पहिल्या दिवशी हँडल हातात घेतलं आणि पहिल्याच ओढीला कळलं. म्हटलं, वा, देवच पावला.

मॅडम: आणि मी! बूट घालून या, चौथं भोक, दोनचा ठोका! मी तीन दिवस एकच चूक इतक्या काळजीनं केली हो. वरून सही पण करत होते. बघा, माझं अर्धं नाव लिहून झालंय.

दोरवाला: मग उरलेलं अर्धं लिहा.

मॅडम: काका!

दोरवाला: लिहा ना. मशीन चोपन्न म्हणतंय. तुम्ही कुठे खोटं लिहिताय? खोटं असलं तर मशीनचं. आणि तुला काय गरज होती गं मध्ये बोलायची? बावीस वर्षं वर लटकलीस, खालच्या भानगडीत कधी लक्ष घातलं नाहीस, ते आजच सुचलं? तुला घरी यायचं नाही का?

परी: यायचंय.

दोरवाला: मग?

परी: त्या दिवशी न्हाणीघरात काय झालं?

दोरवाला: फरशी ओली होती.

परी: फरशी ओली नव्हती हो. तुमचे हात थरथरले. मला कळलं, कारण मी त्या हातांत होते. आपण दोघं पडलो. मला खरचटलं, तुमचा खांदा निखळला, आणि तुम्ही खाली पडल्या पडल्या विचारत होता, तुला लागलं का, तुला लागलं का. पाऊण तास आपण तिथेच. मी म्हटलं, असू दे, छत बघत पडू. आठवतंय?

दोरवाला: आठवतंय.

परी: मी पडेन याची मला भीती नाही. मी कुणाच्या तरी हातून पडणारच कधीतरी. पण पुन्हा माझ्याखाली तुम्ही असाल आणि या वेळी उठणार नाही, तर मी छत बघत किती वेळ पडून राहायचं?

दोरवाला: आणि मी? तू त्या खाटेवर, आणि मी? मला सकाळचा चहा एका कपाचा करता येत नाही. परवा केला. दोन कप झाला. एक प्यालो, दुसऱ्याकडे बघत बसलो. तू तिथे पडशील, कुणीतरी परकं माणूस तुला पोत्यासारखं उचलेल आणि धप्पकन ठेवेल. मला ते सहन होणार नाही. म्हणून मी गप्प बसलो. मशीन खोटं बोलत होतं, मी त्याला बोलू दिलं. एवढाच माझा गुन्हा.

मॅडम: काका, बसा. पाणी घ्या. मी... मला कळतंय. पण मी हे लिहू शकत नाही.

दोरवाला: माहीत आहे.

परी: पडदा ओढ ना गं तो. ऊन डोळ्यांवर येतंय. ...हां. बघ कसा निळा उजेड झाला. असाच असायचा दुसरा अंक.

मॅडम: काकू, तुम्ही जराशा पडा. मी मुलाला फोन करते. सांगते, आणखी आठ दिवस द्या.

परी: आठ दिवसांत सत्तावीसाचे चोपन्न होतात का?

मॅडम: नाही होत. खोटं कशाला सांगू.

परी: तेव्हा व्हायचे. काय हो? तेव्हा मी पंचेचाळीस किलो होते. पंखांसकट अठ्ठेचाळीस. आणि तुम्ही एका हातानं मला उचलून दुसऱ्या हातानं विडी... बरं, जाऊ दे, मॅडम आहेत.

दोरवाला: एका हातानं नाही.

परी: पंखेवाले, दिवेवाले, पोरांच्या आया, सगळे म्हणायचे, काय ताकद आहे दोरवाल्याची!

दोरवाला: ताकद नव्हती.

परी: नव्हती?

दोरवाला: आता पितळ उघडं पडलंच आहे तर सगळंच पडू दे. दोराच्या माझ्याकडच्या टोकाला वाळूची गोणी असायची. काळ्या कापडात शिवलेली. तुझ्या वजनाला जवळजवळ तोडीस तोड. मी फक्त वरचं आठ-नऊ किलो ओढायचो. तुला गोणीच उडवायची. मी नुसता तोल सांभाळायचो. तुला कधी सांगितलं नाही, कारण तू... पहिल्याच प्रयोगानंतर येऊन म्हणालीस, तुमचे हात फार घट्ट आहेत. त्यावर लग्न झालं आपलं. मग कुठल्या तोंडानं सांगणार?

परी: गोणी एकोणचाळीस किलोची होती.

दोरवाला: ...काय?

परी: आणि ज्या वर्षी पोटुशी होते त्या वर्षी त्रेचाळीसची केलीत. माझ्या आधी तुम्हालाच कळलं होतं, दोरावर. रात्रभर बसून स्वतः शिवलीत नवीन गोणी. सुई टोचलेली बोटं दिसत नव्हती का मला?

दोरवाला: तुला ठाऊक होतं?

परी: अहो, वर लटकलेल्या माणसाला खालचं सगळं दिसतं. सगळं दिसायचं मला; मघाशी कधी पाहिलं नाही म्हटलं, ते या पोरीनं हाताकडे बघावं म्हणून. गोणी दिसायची, विडी दिसायची, आणि मी वर असताना तुम्ही श्वास धरून उभे असायचे, तेही दिसायचं. मी गोणीशी लग्न नाही केलं. उतरताना ज्यानं कधी धप्प होऊ दिलं नाही त्याच्याशी केलं.

मॅडम: तुम्ही दोघं भारी आहात हो. मला रडू येतंय आणि हातात काटा आहे.

परी: रड, पण काटा खाली ठेवू नकोस. त्याचं काम आहे. पोरी, सत्तावीस दुणे किती?

मॅडम: चोपन्न. अं... काकू!

परी: या मशीननं एक महिना काय केलं? यांच्या सत्तावीसात चोपन्न उचलून दाखवलं. खोटं नव्हतं ते. लोखंड खरंच वर जात होतं. फक्त श्रेय चुकीच्या माणसाला मिळत होतं.

दोरवाला: सुटी कप्पी. तुझ्या पट्ट्याला सुटी कप्पी. दोराचं एक टोक तुळईला, दोर खाली कप्पीतून, पुन्हा वर, तिथे दुसरी कप्पी, आणि मग माझ्या हाताशी. आपल्या पलंगावर लोखंडी तुळई आहे आडवी. रोज सकाळी डोळे उघडले की तीच दिसते! एवढा महिना मी इथे हात मोडून घेतले आणि...

परी: काखेत कळसा.

मॅडम: एक मिनिट, एक मिनिट. एवढ्यात विमान उडवू नका. काकू बावन्न, पट्टा दोन, चोपन्न. अर्धे सत्तावीस. कप्प्या खाणार दीड-दोन. म्हणजे एकोणतीस. आणि काकांचं सगळ्यात जास्त जोर लावून अठ्ठावीस. नाही बसत! आणि बसलं असतं तरी मी नाही म्हटलं असतं. दिवसातून सहा वेळा काय, कुणी शेवटच्या ताकदीनं उचलतं का? थरथरणारच हात.

दोरवाला: मॅडम, त्या कोपऱ्यात काय आहे? निळ्या पिशव्या?

मॅडम: पायाला बांधून व्यायाम करायच्या. वाळूच्या. दोन-दोन किलोच्या... अय्या.

दोरवाला: सहा आहेत. बारा किलो. माझ्याकडच्या टोकाला. मग हातावर किती?

मॅडम: सतरा. सतरा, जास्तीत जास्त अठरा. बैठक कुठल्याही भोकात असो.

परी: एक हात चहाला मोकळा.

मॅडम: दोन्ही हात दोरावर! चहा नाही, विडी नाही, काही नाही. आणि दोर निसटला तर?

दोरवाला: निसटत नाही. खुंटीला दोन वेढे द्यायचे. दोन वेढे असले की करंगळीनं धरला तरी दोर जागचा हलत नाही. उतरवल्यावर आधी दोर बांधायचा, मग पट्टा सोडायचा. हे उलट झालं तर गोणी खाली आणि पट्टा नाकावर. हा पहिला धडा. माझ्या आधीच्या दोरवाल्याचं नाक त्यामुळेच बसकं होतं.

मॅडम: इथे करून दाखवाल? इथे छताला हुक आहे, लकवा झालेल्यांना चालायला शिकवताना पट्टा अडकवतो तो. दीडशे किलो झेपतं. त्याच्याबरोबर दोन कप्प्या आल्या होत्या, वर्षभर कपाटात पडून आहेत. कशाला दिल्यात तेच कळत नव्हतं.

दोरवाला: द्या इकडे. ...चांगल्या आहेत. तेल लागेल थोडं.

मॅडम: पण फक्त चार बोटं. खुर्चीच्या वर चार बोटं आणि मी मागे हात धरून उभी राहणार. खुंटी म्हणून ही भिंतीवरची शिडी चालेल?

दोरवाला: तिसरी पायरी. पक्की आहे. महिनाभर बघतोय.

परी: महिनाभर बघताय? मग सुचलं कसं नाही?

दोरवाला: गोणीचं सांगावं लागलं असतं ना तुला.

(हुकाला दोर बसतो. पडद्यामुळे खोलीत निळसर उजेड. वाळूच्या सहा पिशव्या एकत्र बांधल्या आहेत.)

मॅडम: पट्टा नीट बसलाय काकू? काखेत रुतत नाही ना? मांड्यांखालून घेतलाय.

परी: पंखांपेक्षा बरा आहे. पंखांना तारा होत्या. ...अरे, आवळ जरा डावीकडे.

मॅडम: काकू, तुम्ही काकांना अरे म्हणालात?

परी: जमिनीवर अहो. दोरावर अरे. ‘अहो, जरा मला खाली घेता का’ एवढं म्हणेपर्यंत परी भिंतीवर जाऊन आपटते. सासूबाई एकदा प्रयोगाला आल्या होत्या. आठ दिवस बोलल्या नाहीत माझ्याशी.

दोरवाला: तयार?

परी: किती वर्षं झाली रे?

दोरवाला: एकोणतीस.

परी: तयार.

मॅडम: हळू काका. श्वास सोडत ओढा, धरून ठेवू नका. काटा तुमच्या टोकाला लावलाय, मला आकडा दिसतोय. पंधरा... सतरा... साडेसतरा. उचलल्या! काकू, तुम्ही वर आहात!

परी: माहीत आहे मला.

मॅडम: चार बोटं. बास, बास. दोर वळवा. एक वेढा... दोन. हात बघू काका. थरथर नाही. कसं वाटतंय?

दोरवाला: बोलू नका जरा.

परी: अंगावरून कुणीतरी ओली शाल काढून घेतल्यासारखं वाटतंय. पाय दुखत नाहीयेत रे. पायच नाहीत. छान. पोरं आलीत का?

दोरवाला: आलीत. पहिली रांग भरलीय.

परी: तो पुढच्या दातांतून शिट्टी मारणारा?

दोरवाला: तोही आहे. शिट्टी धरून बसलाय. तू वळलीस की मारेल.

परी: वळव मग थोडी.

मॅडम: वळवायचं नाही! बरं, थोडंसं. बोटभर. ...काका, असं किती वेळ धरता येईल?

दोरवाला: तुम्ही सांगाल तितका वेळ. दोर खुंटीवर आहे. मी नुसता तोल सांभाळतोय.

मॅडम: मग धराच. ही पण चाचणीच समजा. मी इथेच, काकूंच्या पाठीला पाठ लावून उभी राहून फॉर्म भरते. जुना फाडला. ऐका, मोठ्यानं वाचते, म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको. ‘मशीनवरचा आकडा चोपन्न. प्रत्यक्ष हातावर सत्तावीस. आधीच्या तिन्ही नोंदी जवळजवळ एकसारख्या आणि तिन्ही चुकीच्या. चूक माझी.’

दोरवाला: तुमची एकटीची नाही.

मॅडम: फॉर्मवर एकटीचीच मावते. पुढे. ‘पेशंटला केवळ हातांनी एकट्याने उचलू शकतात का?’ नाही. काका, इथे मी नाही लिहितेय.

दोरवाला: लिहा. बरोबर आहे ते.

मॅडम: ‘साधन वापरून?’ होय. किती जोर लागतो? साडेसतरा. मोजून. शेऱ्याला चार ओळी जागा आहे. ‘तुळई आमचा मेकॅनिक तपासेल. कप्प्या, खुंटी आणि गोणी बसवल्यावर मी स्वतः घरी जाऊन तीनदा मोजेन, तीन वेगवेगळ्या वेळी, कुठल्याही चपलेत. तोवर तीन दिवस सकाळ-संध्याकाळ बाई येईल. शुश्रूषागृहाची गरज नाही.’ तुमच्या मुलाला मी फोनवर समजावते. म्हणेल, बाबांनी काय सर्कस मांडलीय. म्हणू दे.

दोरवाला: सर्कस नाही म्हणणार तो. पाच वर्षांचा होता तेव्हा पहिल्या रांगेत बसायचा. आई उडते म्हणून वर्गात सांगून मार खाऊन यायचा. दोर दिसायचा त्याला, तरी म्हणायचा, उडते.

मॅडम: मग हेच सांगते त्याला. तारीख... आणि ही सही. पूर्ण नाव. या वेळी पूर्ण.

परी: अरे.

दोरवाला: काय गं?

परी: पुरे झालं आता. उतरव मला.

दोरवाला: उतरवलंय.

परी: केव्हा?

दोरवाला: मॅडम सही करत होत्या तेव्हा.